आजी, जरा निबंध तपासतेस का?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. गुडघ्यांचं निमित्त होतं, आणि खरं सांगायचं तर आळसही होता. पण गेल्या आठवड्यात धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, तुमच्या नातवाला अमेरिकेत एमबीएला प्रवेश मिळाला ना? आमच्याकडेही एकाला करायचंय. मार्क जरा कमीच आहेत. तुम्ही क्लास कुठला लावला होता?"

क्लास लावला होता, पण त्याने प्रवेश मिळाला नव्हता. हे सगळं फोनवर सांगत बसले असते तर तिचा कुकर करपला असता. म्हणून इथेच लिहिते. नातूरावांची परवानगी घेतली आहे. त्यांच्या दोन अटी आहेत: माझं नाव लिहायचं नाही आणि कॉलेजचं नाव लिहायचं नाही. तेव्हा इथे ते 'नातूराव'च राहतील.

तर नातूराव मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्याला शिकले, २०२० साली, करोनाच्या त्या विचित्र वर्षात पास झाले आणि २०२१ पासून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. म्हणजे होते. सीजीपीए दहापैकी ६.४. त्यात दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिलेले, थर्मोडायनॅमिक्स आणि एम थ्री. पुण्यात ज्यांच्या घरी इंजिनिअर आहे त्यांना एम थ्री म्हणजे काय ते सांगायला नको. त्या गणिताच्या पेपरने भल्याभल्यांना आडवं केलं आहे.

आधी त्याने दोनदा कॅट दिली. दुसऱ्या वेळी ९६ पर्सेंटाइल आले. म्हणजे शंभरातले शहाण्णव जण मागे! मी पेढे आणायला निघाले होते. तो म्हणाला, "आजी, थांब, एवढ्याने काही होत नाही." मग कळलं की अहमदाबादसारख्या मोठ्या आयआयएममध्ये मुलाखतीला बोलवतानाच दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही जमेला धरतात. परीक्षा आज उत्तम दिली तरी दहावीचा पेपर काही पुन्हा लिहिता येत नाही. शिवाय अर्जदारांत इंजिनिअर मुलगे इतके, की त्या गर्दीत एकासारखा दुसरा दिसतो.

मग २०२३ साली मोर्चा परदेशाकडे वळला. तिकडे म्हणे 'संपूर्ण माणूस' बघतात. पुण्यातल्या एका सल्लागाराकडे नाव घातलं. भरमसाट फी घेतली. चार ठिकाणी अर्ज केले. अमेरिकेत एकेका अर्जाची फी अडीचशे डॉलरच्या आसपास असते, त्याचे रुपये करून बघा म्हणजे माझ्यासारखं बसायला खुर्ची लागेल. चारही ठिकाणांहून नकार आला. मुलाखतीलाही कुणी बोलावलं नाही.

२०२४ च्या मे महिन्यात तो चार दिवस सांगलीला आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाला, "आजी, तू जरा माझे निबंध तपासतेस का?"

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. बीए मराठी माध्यमातून, विलिंग्डनला. इंग्रजी वाचता येतं, पण लिहायचं म्हटलं की अजूनही आधी मनात मराठी वाक्य तयार होतं. मी म्हटलं, "अरे, अमेरिकेतल्या कॉलेजचा निबंध मी काय तपासणार?" पण निबंध हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो, त्याला इलाज नाही.

वाचला. इंग्रजी सुरेख होतं. एकही चूक नाही. आणि वाचून संपल्यावर त्यातलं एक अक्षरही डोक्यात राहिलं नाही. लहानपणापासून नेतृत्वाची आवड, बदलत्या जगाची आव्हानं, समाजाला काहीतरी परत देण्याची इच्छा... मी हा निबंध ओळखला! 'मी मुख्याध्यापक झालो तर', 'माझे ध्येय'. दरवर्षी साठ वह्यांतून हाच निबंध मी तपासत होते. गाईडमधून उतरवलेला. फक्त हे गाईड इंग्रजी होतं आणि महाग होतं.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. म्हणजे मी मुद्दे दिले, त्यांनी पॉलिश केलं."

"बरं. आता पॉलिश काढ. मला हे मराठीत सांग."

मोठी गंमत झाली. पहिल्याच वाक्यावर गाडी अडली. कारखान्यात तू काय केलंस, असं विचारलं तर निबंधात लिहिलेलं मराठीत सांगताच येईना. 'लीव्हरेज', 'सिनर्जी', 'क्रॉस-फंक्शनल' वगैरे शब्द काढले की खाली काही उरेना. इंग्रजीत फसवता येतं असं मला म्हणायचं नाही. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे त्यांना त्यांचे शब्द पकडत असतीलच. पण समोर आजी बसलेली असताना मराठीत थापा मारणं अवघड जातं एवढं खरं.

अर्धा तास झगडल्यावर त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या मशीनवर एक भोक पाडायचं काम असे, त्याचं माप फार काटेकोर. बरेच नग नापास व्हायचे. याने आकडेवारी काढली, रंगीत आलेख केले आणि अहवालात कारण लिहिलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. शॉपफ्लोअरवरच्या साहेबांनी तो अहवाल बाजूला ठेवला आणि म्हणाले, "साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला ये आणि मशीनपाशी उभा राहा." हा गेला. पाहतो तर पहिल्या तासाभरातच नग बिघडत होते. मशीन रात्रभर थंड पडलेलं. चालून चालून तापलं की लोखंड किंचित वाढतं आणि माप हलतं. ऑपरेटरांना हे ठाऊक होतं. आधी थोडा वेळ मशीन रिकामं चालवायला हवं हेही ठाऊक होतं. पण नगांचा हिशेब पाळीच्या पहिल्या मिनिटापासून धरायचे, मग रिकामं कोण चालवणार? नातूरावांनी साहेबांच्या मदतीने पहिली वीस मिनिटं हिशेबातून वगळून घेतली. नापास नग कमी झाले.

"अरे मग हे कुठे आहे निबंधात?"

"आजी, त्यात मी आधी चुकीचा अहवाल दिला होता ना!"

तर अडचण ही होती. सांगण्यासारखं जे होतं त्याच्या सुरुवातीला त्याची चूक होती. सल्लागाराने चूक कापली, आणि चुकीबरोबर सगळी गोष्टच गेली.

शिफारसपत्रांचंही तेच. पहिल्या वेळी त्याने एका बड्या साहेबांना गाठलं होतं. त्यांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." मला यात बोलायला तोंड नाही. वर्तणुकीचे दाखले मीही शेकड्यांनी दिले आहेत, सगळ्यांवर एकच वाक्य आणि खाली सही. पण त्या शाळांचं स्पष्ट म्हणणं असतं की शिफारस देणाऱ्यानेच लिहायची. आणि मला सगळ्यात आवडलं ते असं की, त्या फॉर्मवर बऱ्याच ठिकाणी एक प्रश्न असतो: तुम्ही या उमेदवाराला सुधारण्यासाठी कोणती महत्त्वाची सूचना केलीत आणि त्याने ती कशी घेतली? ज्याने कधी कान उपटले नाहीत तो याचं उत्तर काय देणार? मी म्हटलं, "ज्यांनी तुझा अहवाल बाजूला ठेवला त्यांच्याकडे जा." तो म्हणाला, "त्यांचा हुद्दा लहान आहे." मी म्हटलं, "हुद्दा लहान असू दे, त्यांनी तुला बघितलंय ना?" ते साहेब मराठी माध्यमाचेच निघाले. त्यांनी तीन रविवार बसून साध्या इंग्रजीत लिहिलं म्हणे. आम्हाला वाचायला मिळालं नाही, मिळायचंही नसतं.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. चौथ्या दिवशी दुपारी त्याने आणखी एक छोटा कागद पुढे ठेवला.

अर्जात एक ऐच्छिक निबंध असतो. कमी मार्क, नोकरीतला खंड, असं काही खुपण्यासारखं असेल तर त्याचा खुलासा करायला. त्या कागदावर लिहिलं होतं की दुसऱ्या वर्षी आजोबांना कॅन्सर झाला, त्यांच्यावर माझा फार जीव, त्यांची शुश्रूषा करण्यात माझा अभ्यास मागे पडला आणि दोन विषय राहिले.

शाळेत रजेच्या चिठ्ठ्या यायच्या. त्या चिठ्ठ्यांतून किती आज्या दोन-दोनदा वारल्या त्याची गणती नाही. आम्ही शिक्षकखोलीत हसायचो. एका मुलाची आजी तर चिठ्ठीत वारल्यानंतर पालकसभेला आली होती. पण या कागदावर आमचे 'हे' होते.

मी उठले. कपाटातून यांच्या आजारपणाची फाईल काढली. ती मी टाकून दिलेली नाही, का ते विचारू नका. पहिल्या तपासणीचा कागद ११ जानेवारी २०१९ चा. ऑगस्टमध्ये हे गेले.

"एम थ्री कधी राहिला?"

तो गप्प.

"डिसेंबर २०१७ ना? आणि परत मे २०१८ ला. तेव्हा आजोबा रोज कृष्णेकाठी फिरायला जात होते."

"आजी, सगळे असंच काहीतरी लिहितात. तिकडे कोण बघणार आहे तारखा?"

"मी बघतेय की!"

माझा आवाज चढला. तो गच्चीवर निघून गेला. मी फाईल परत ठेवली आणि भाजी चिरायला बसले. खोटं पकडलं जाईल याची मला भीती नव्हती. प्रवेश दिल्यावर काही ठिकाणी अर्जातली माहिती तपासून घेतात हे मला नंतर समजलं. मला लागलं ते वेगळं. त्या सात महिन्यांत काय काय झालं ते मला माहीत आहे, आणि त्यातलं काहीही कुणाच्या मार्कांचं कारण म्हणून वापरायला द्यायची माझी तयारी नव्हती. नातवालासुद्धा.

जेवताना आम्ही बोललो नाही. रात्री अंथरुणं घातल्यावर तो माझ्या खोलीत येऊन जमिनीवर बसला. म्हणाला, "आजोबांना माहीत होतं."

"काय?"

"एम थ्रीचं. घरात फक्त त्यांना माहीत होतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्या वर्षी गणित समजेनासं झालं. दहावीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी आणणारा मुलगा, त्याला समजत नाही हे सांगायची लाज वाटली. मग वर्गात जायचंच बंद केलं. घरी 'सगळं ठीक आहे'. थर्मोडायनॅमिक्स दुसऱ्या खेपेला सुटला, एम थ्री दोनदा राहिला. २०१८ च्या गणपतीत सांगलीला आला तेव्हा फॉर्मचे पैसे आईकडे मागायची सोय नव्हती, म्हणून आजोबांना सांगितलं. त्यांनी पैसे दिले, आणि म्हणाले, दिवाळीला लवकर ये.

ती दिवाळी मला चांगली आठवते. दोघं पहाटे पाचला उठून पुढच्या खोलीत बसायचे. मी कौतुकाने शेजारी सांगितलं होतं, सुट्टीतही अभ्यास करतो हो! हे पाटबंधारे खात्यात होते, यांना कुठलं लाप्लास आणि फूरिए येणार? मी विचारलं, "मग ते तुला काय शिकवायचे?"

"काहीच नाही. चहा करून आणायचे आणि म्हणायचे, ही पायरी मला समजेल अशी सांग. मला सांगता आली नाही की म्हणायचे, मग ती तुलाही आलेली नाही, परत बघ."

मी पंखा वाढवायचं निमित्त करून उठले.

सकाळी तो नवा कागद घेऊन आला. त्याने आधी मराठीतच लिहिला होता. दुसऱ्या वर्षी गणित समजेनासं झालं. समजत नाही हे सांगायची लाज वाटून मी वर्गात जाणं बंद केलं. दोनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी मदत मागितली आणि पास झालो. त्यानंतर एकही विषय राहिलेला नाही, आणि यंदा संख्याशास्त्राची परीक्षा दिली आहे तिचे गुण सोबत आहेत. पाचसहा ओळी, बस्स. मी विचारलं, "मदत कुणाची ते लिहायचं नाही?" म्हणाला, "नको आजी. तिथे त्यांना आणायला नको."

संख्याशास्त्राचं सांगायचं राहिलं, आणि जावेच्या मुलाला खरा उपयोग त्याचाच आहे. जुने मार्क बदलत नाहीत, पण त्यांच्या शेजारी नवे मार्क ठेवता येतात. आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएल म्हणून अभ्यासक्रम असतात, शिकायला फुकट, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. त्याने नोकरी सांभाळून बारा आठवड्यांचा संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम केला. ७८ गुण आले. 'माझं गणित आता चांगलं आहे' असं दहादा लिहिण्यापेक्षा तो एक कागद बोलका.

जीमॅटही पुन्हा दिली. २०२३ च्या जुन्या परीक्षेत ६४० होते, २०२४ च्या जुलैत ६५५ आले. मी मनात म्हटलं, एवढ्या रात्री जागून पंधराच मार्क! पण मधल्या काळात परीक्षाच बदलली होती. जुनी २०० ते ८०० मध्ये मोजायचे, नवी २०५ ते ८०५ मध्ये, आणि नव्या परीक्षेतले ६५५ म्हणजे जुन्या सातशेच्या आसपास. नव्या परीक्षेचे गुण नेहमी पाचावर संपतात, त्यावरून कुठली परीक्षा ते ओळखायचं. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, मी केली आणि तोंडघशी पडले.

शाळाही या वेळी नीट निवडल्या. पहिल्या खेपेला चारही नावं अशी होती की ऐकूनच नातेवाईकांनी अभिनंदन करावं. या वेळी त्यातलं एकच ठेवलं. बाकी तीन निवडताना आधी तिथे शिकलेल्या मुलांशी बोलला, कारखानदारीचा विषय कुठे मन लावून शिकवतात ते विचारलं. ज्या शाळेत दुसऱ्यांदा अर्ज केला तिथे एक वेगळा प्रश्नच होता, मागच्या अर्जानंतर तुमच्यात काय बदललं? त्याला मी म्हटलं, हा प्रश्न आपण सगळ्याच ठिकाणी विचारला आहे असं धरून चाल. आणि अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत गेले, मागच्यासारखे जानेवारीत धावतपळत नाहीत.

निकाल काय? दोन ठिकाणी सरळ नकार. त्यात ते दुसऱ्यांदा अर्ज केलेलंही आलं. एका ठिकाणी मुलाखत होऊन नकार. चौथ्या ठिकाणी मुलाखत, मग वेटलिस्ट, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये होकार. मुलाखतीत त्याला थंड मशीनबद्दलच वीस मिनिटं विचारलं म्हणे. एम थ्रीबद्दल एकच प्रश्न आला: मदत मागायला इतका उशीर का केलास? काय उत्तर दिलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "खरं ते सांगितलं, म्हटलं लाज वाटत होती."

कर्ज मोठं आहे. परत आल्यावर, किंवा न आल्यावर, ते कसं फिटतं ते बघायचं. मला त्याची काळजी वाटते, आणि ती मी त्याला बोलूनही दाखवली आहे. क्लास लावू नका असंही माझं म्हणणं नाही. निबंध लिहून देणारा मात्र लावू नका. मुलाला चार दिवस घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासमोर बसवा, ते फुकट होतं.

हो, आणि माझ्या लेकीने हे वाचून दचकू नये. एम थ्रीचं सगळं त्याने जाण्याआधी स्वतःच तिला सांगितलं आहे, मगच मला लिहायची परवानगी दिली.

तो गेल्या ऑगस्टमध्ये गेला. पुढच्या आठवड्यात मी यांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. नोकरीला लागल्यापासून रोजचा हिशेब लिहायचे. २०१८ ची वही, गणपतीचे दिवस. दूर्वा, फुलं, नारळ पाच, खवा, सगळं आहे. १५ सप्टेंबरला खाली एक ओळ, 'किरकोळ – १५००'. तेवढंच. एरवी एक रुपयाच्या काडेपेटीचीसुद्धा वेगळी ओळ असायची.